दान पारमिता आणि आपल्या लेकी

दहा पारमितांमध्ये दान ही पहिली पारमिता होय. दान म्हणजे श्रीमंताने दिलेले उरलेसुरले नव्हे. अनेकांनी मिळून, नियमाने दिलेले थोडे थोडे हेही मोठे दानच आहे.

20 जुलै 1942 रोजी नागपूरला दलित महिला परिषद भरली. अध्यक्षा होत्या सुलोचनाबाई डोंगरे. समाजाची प्रगती आपण त्यातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे डॉ. बाबासाहेबांनी तेथे सांगितले. त्याच मापाने आपल्या संस्थेचा जमाखर्चही तपासला पाहिजे.

इंग्लंडमधील बौद्धांनी 1980 मध्ये 'एड फॉर इंडिया' ही संस्था काढली. तीच पुढे 'करुणा ट्रस्ट' झाली. तिचे स्वयंसेवक अनोळखी लोकांच्या दारोदार फिरले आणि नियमित देणगीदार मिळवले. त्या मदतीतून महाराष्ट्रात 'बहुजन हिताय'ची वसतिगृहे चालली, त्यांत मुलींचीही होती. सातासमुद्रापलीकडची माणसे आपल्या लेकींसाठी देतात, मग आपण का देऊ नये?

100 कुटुंबांनी दरमहा 50 रुपये दिले, तर वर्षाला 60,000 रुपये जमतात. उमरखेड, वणी, घाटंजीकडून यवतमाळला शिकावयास येणाऱ्या मुलींच्या मेसला, पुस्तकांना, परीक्षा फीला त्यातून हातभार लागेल. एकरकमी देणगीला सभेत टाळ्या पडतात, पण मेसचे बिल दर महिन्याला येते.

खाते संस्थेच्या नावे असावे. सह्या दोघांच्या, त्यांत एक महिला सभासदाची असावी. वैशाख पौर्णिमेला हिशेब जाहीर वाचावा. मदत घेणाऱ्या मुलीचे नाव मात्र वाचू नये. नोकरी लागल्यावर तिनेही या खात्यात भर घातली, तर दानाची ही साखळी पुढच्या लेकीपर्यंत पोहोचेल.

जय भीम!