मोटारीचा पिकअप

मुलांनो, शहापूरजवळच्या मुंबई-नाशिक महामार्गावर एखादी मोटार झटकन वेग घेते, तर दुसरी सावकाश. चालक याला 'पिकअप' म्हणतात. विज्ञानात यालाच त्वरण म्हणतात. उर्दूत तुम्ही त्याला इसराअ म्हणता.

समजा, ताशी ६० किलोमीटर वेग गाठायला एका मोटारीला १० सेकंद लागले व दुसरीला २०. तर पहिलीचे सरासरी त्वरण दुसरीच्या दुप्पट झाले.

आता दोन जुन्या मोटारी पाहू. १९१९ ते १९३० या काळातील मोटारींना साधारणपणे 'विंटेज' म्हणतात. त्यानंतरच्या जुन्या मोटारींना 'क्लासिक'. अमेरिकेची फोर्ड 'मॉडेल टी' १९२७ पर्यंत बनत होती. तिचे इंजिन २.९ लिटरचे, पण शक्ती केवळ २० अश्वशक्ती! कुर्ल्याला बनलेल्या 'प्रीमियर पद्मिनी'चे इंजिन अवघे १.१ लिटरचे, तरी शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती. कारण ते पुष्कळ जलद फिरते. शिवाय मॉडेल टीला पुढे जाण्याचे गिअर दोनच, पद्मिनीला चार. म्हणून पद्मिनी लवकर वेग घेते.

मुरबाडहून माळशेज घाट चढताना त्वरण आणखी कमी होते. ट्रकला ओलांडायला जुन्या मोटारीला जास्त वेळ लागतो आणि तेवढा वेळ ती समोरून येणाऱ्या वाहनांच्या वाटेत असते. म्हणून शहाणा चालक आधी आपल्या गाडीचा पिकअप ओळखतो, मगच ओलांडतो. नाही तर तो मागेच थांबतो. उशीर भरून निघतो, गेलेला जीव परत येत नाही.

शब्दार्थ : अवघे - फक्त, ओलांडणे - मागे टाकून पुढे जाणे

स्वाध्याय : १. त्वरण म्हणजे काय? २. पद्मिनी लवकर वेग का घेते? ३. घाटात ओलांडताना काय ध्यानात ठेवावे?