आंब्याचा चीक आणि लवंगेचे तेल

आपल्या बागवान बांधवांना हा अनुभव नवा नाही. पेटी भरताना आंबा हिरवागार व बेदाग असतो. अढीत पिकू लागला की अंगावर काळे डाग उमटतात आणि दोन दिवसांत माल मातीमोल होतो. मग दोष गवताला, गाडीला, हमालाला! खरे तर करपा रोगाची बुरशी बागेतच, पाऊस-दवाच्या दिवसांत, कोवळ्या फळाच्या सालीत शिरून गुपचूप पडलेली असते.

ती तोवर वाढत का नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. कच्च्या आंब्याच्या सालीत व चिकात बुरशीला रोखणारी द्रव्ये मुळातच असतात. फळ पिकू लागले की ती घटतात आणि दबून बसलेली बुरशी उठते. म्हणजे पहिली दवा फळातच आहे. म्हणून आंबा झेल्याने, देठ राखून उतरवावा. देठ मोडला की चीक वाहतो, सालीवर डाग पडतो आणि देठाकडून कुजण्याला वाट मिळते. काठीने पाडलेल्या मालाला पुढे कोणतेही तेल वाचवणार नाही.

आता बाहेरच्या दवेविषयी. लवंगेतील युजेनॉल, ओव्यातील थायमॉल, दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड ही द्रव्ये बुरशीच्या पेशीचे आवरण बिघडवतात. प्रयोगशाळेत त्यांचा गुण अनेकदा दिसला आहे. घोडे अडते ते मात्रेवर. कमी पडली तर बुरशी जुमानत नाही. जास्त झाली तर साल भाजते आणि हापूसला लवंगेचा वास येतो. असा आंबा कोण घेईल? शिवाय तेल पाण्यात मिसळत नाही, त्यामुळे हौदात ओतून फळे बुडवली तर एका फळाला सगळे, दुसऱ्याला काहीच नाही. आम्हा कापडवाल्यांना कच्च्या रंगाईचे धब्बे ठाऊक आहेत, तोच प्रकार. म्हणून संशोधक हे तेल मेणाच्या किंवा कोळंबीच्या टरफलापासून काढलेल्या कायटोसानच्या पातळ लेपात मिसळतात. त्यातून ते हळूहळू उडते.

तेलाशिवायचा जुना उपाय म्हणजे सुमारे ५२ अंश सेल्सियसच्या पाण्यात ५ ते १० मिनिटे फळ बुडवणे. त्याने करपा कमी होतो, पण थर्मामीटर हवाच. हाताचा अंदाज चालत नाही.

कोणी लेप विकायला आला तर तो खाण्याच्या फळासाठी मंजूर आहे का, हे आधी विचारावे. अत्तराच्या दुकानातील तेल तर मुळीच वापरू नये. मग एकाच बागेच्या, एकाच दिवशी उतरवलेल्या दोन पेट्या घ्याव्यात, एकीला लेप लावावा, दुसरी तशीच ठेवावी आणि पिकल्यावर दोन्हींतील डागी फळे मोजावीत.