आधी हॉल मोजा, मग टॉवर ऐका

चार-पाच लाखांचे टॉवर स्पीकर घ्यायला निघालेले लोक माझ्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणत्या कंपनीचे घेऊ? मी त्यांना विचारतो, हॉल किती बाय किती? छत किती उंच? अ‍ॅम्प कोणता आहे? बहुतेकांना अ‍ॅम्पचं नाव सांगता येतं, हॉलचं माप मात्र कुणाला ठाऊक नसतं. माझं ठाम मत आहे की स्पीकर सगळ्यात शेवटी निवडावा. आधी खोली, मग अ‍ॅम्प, मग स्पीकर.

या मतामागे माझ्याच घरात आलेली एक जोडी आहे. मुंबईतल्या एका मोठ्या शोरूममध्ये ती ऐकली होती. साडेतीन फूट उंच, प्रत्येकात तीन वूफर, आणि माहितीपत्रकात 28 हर्ट्झपर्यंत उतरणारा बेस. शोरूमची खोली चांगली पंचवीस फूट लांब होती, खाली जाड गालिचा, भिंतींवर पडदे, आणि स्पीकर मागच्या भिंतीपासून पाच फूट पुढे. आवाज अप्रतिम होता, त्याबद्दल आजही तक्रार नाही. तक्रार आहे ती विक्रेत्याच्या मौनाबद्दल. आमचा हॉल 15 बाय 10 आहे आणि घरी पन्नास वॉटचा इंटिग्रेटेड अ‍ॅम्प आहे हे त्यांना सांगितलं होतं. त्यावर ‘काही प्रॉब्लेम येणार नाही’ एवढंच उत्तर मिळालं.

घरी जोडी लावली आणि विलंबित एकतालातला एक ख्याल लावला. ‘धिं’चा डग्गा पडला की त्याची घुमी पुढच्या मात्रेवर जाऊन बसायची. तानपुऱ्याचा खर्ज फुगून सगळ्या हॉलभर पसरायचा आणि त्याखाली जवारी दबून जायची. गायकाचा आवाज मंद्रात उतरला की शोकेसची काच थरथरायची. सोफ्यावर बसून हे असं. आणि उठून हॉलच्या मधोमध उभं राहिलं तर तोच डग्गा पोकळ, जणू बायाँवरची शाईच कुणी काढून घेतली आहे. शोरूमला फोन केला तर म्हणाले, ‘कानाला सवय होईल.’ जोडी परत घ्यायला त्यांनी साफ नकार दिला.

कानाला सवय होण्याचा इथे प्रश्नच नव्हता, हे साधं गणित आहे. आपल्याकडच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे 1140 फूट जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये जी सगळ्यात खालची कंप्रता अडकून घुमते ती काढायची तर 570 ला त्या अंतराच्या फुटांनी भागायचं. पंधरा फुटांना 38 हर्ट्झ. दहा फुटांना 57. छत साडेनऊ फुटांवर असेल तर 60. म्हणजे आमच्या हॉलची रुंदी आणि उंची जवळजवळ एकाच ठिकाणी घुमतात आणि एकमेकींना जोर देतात. पांढरी एकच्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज 65 हर्ट्झच्या आसपास असतो, काळी एकचा 69 च्या. घुमारा नेमका त्यांच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहतो. खोलीच्या मधोमध मात्र हेच स्वर एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून तिथे डग्गा पोकळ.

त्यात आपली घरं आरसीसीची. लाकडी सांगाडा आणि जिप्सम बोर्डाच्या अमेरिकी घरांत भिंती थोड्या हलतात, खालच्या स्वरांचा बराचसा जोर त्यांतून निघून जातो. आपल्या विटांच्या भिंती, वरचा स्लॅब आणि खालची विट्रिफाइड टाइल जवळजवळ काहीच सोडत नाहीत. त्यामुळे परदेशी मासिकातलं ‘मध्यम आकाराच्या खोलीसाठी उत्तम’ हे वाक्य वाचून पुण्या-मुंबईच्या फ्लॅटसाठी स्पीकर ठरवू नये. लहान खोलीत साधारण 200 हर्ट्झच्या खाली तुम्ही स्पीकरपेक्षा खोलीच जास्त ऐकत असता.

पैसे देण्याआधी हे घरीच तपासता येतं. फोनवर टोन जनरेटरचं फुकट अ‍ॅप घ्या, जो काही साधा स्पीकर घरात असेल त्यावर 40 पासून 100 हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जा आणि बसायच्या जागेवरून ऐका. लहान स्पीकर 40 च्या आसपास नीट वाजत नसेल तर जिथून वाजायला लागेल तिथून धरा. जिथे आवाज एकदम अंगावर येतो तो आकडा लिहून ठेवा. त्याहून नेमकं हवं असेल तर मोजणीचा यूएसबी मायक्रोफोन आणि ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं.

उपाय म्हणून लोक भिंतींना इंचभर जाडीचा स्पंज चिकटवतात. त्याने फक्त वरचे स्वर मरतात, टाळीचा आणि झांजेचा आवाज निस्तेज होतो, आणि बेस होता तसाच राहतो. 57 हर्ट्झची लाट वीस फूट लांब असते, तिला इंचभर स्पंज काय अडवणार? त्यापेक्षा सोफा मागच्या भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे घेतल्याने जास्त फरक पडतो. स्पीकरच्या मागे पोर्ट असेल तर त्यात फोमचा बोळा घालून पाहावा. बऱ्याच कंपन्या तो सोबत देतात. डीएसपीने फुगलेला स्वर खाली आणता येतो, पण खोलीने खाऊन टाकलेला स्वर परत आणता येत नाही. मी हे सगळं केलं. ऐकण्याजोगं झालं, पण शोरूममधलं ते कधीच झालं नाही.

दुसरी अडचण अ‍ॅम्पची. आवाज जरा वाढवला की अर्ध्या तासात अ‍ॅम्पचं वरचं झाकण हात टेकवणार नाही इतकं तापायचं आणि एखाद्या द्रुत तानेच्या ऐन मध्यात रिले ‘टक्’ करून अ‍ॅम्प प्रोटेक्शनमध्ये जायचा. कारण माहितीपत्रकाच्या तळाशी होतं. मोठ्या अक्षरात 8 ओहम, बारीक अक्षरात किमान 2.8. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे किमान आकडा जाहीर केलेल्या आकड्याच्या 80 टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे 8 ओहमला 6.4. प्रत्यक्षात महागड्या टॉवरांत हे क्वचितच पाळलं जातं. बॉवर्स अँड विल्किन्सच्या 800 मालिकेतल्या टॉवरांपुढे ‘8 ओहम, किमान 3’ असं लिहिलेलं असतं. निदान लिहिलेलं असतं, हे चांगलं. ओहम जितके कमी तितका अ‍ॅम्पला जास्त करंट द्यावा लागतो. म्हणून अ‍ॅम्पबद्दल विचारायचं ते असं: 8 ओहमला किती वॉट, आणि 4 ओहमला किती? दुसरा आकडा पहिल्याच्या दुपटीजवळ असेल तर वीजपुरवठा भक्कम आहे. 4 ओहमचा आकडाच दिलेला नसेल तर अवघड टॉवर त्याला जोडू नये.

सेन्सिटिव्हिटीचा आकडाही नीट वाचावा. 2.83 व्होल्टला 90 डेसिबल असं लिहिलेलं असतं. हे व्होल्ट 8 ओहमला एक वॉट होतात, पण 4 ओहमला दोन. म्हणजे 4 ओहमचा स्पीकर एका वॉटला 87 च देतो. तीन डेसिबलची तूट भरून काढायला अ‍ॅम्पची ताकद दुप्पट लागते. तरीही घाबरून तीनशे वॉटच्या मागे धावण्याची गरज नाही. दहा फुटांवर बसून 80 डेसिबलच्या आसपास ऐकताना असे स्पीकर जेमतेम अर्धा-एक वॉट खातात. ताकद लागते ती तबल्याच्या थापेला, समेला, जिथे क्षणभर पन्नास वॉटही लागतात. तिथे अ‍ॅम्प तोकडा पडला की आवाज फाटतो, आणि फाटलेल्या आवाजाचा मार ट्वीटरवर पडतो. कमी ताकदीच्या अ‍ॅम्पनेही ट्वीटर जळतात ते असे.

उलट जोड्याही जमतात. 300बी व्हॉल्व्हचा सिंगल-एंडेड अ‍ॅम्प आठ वॉटचा असतो, पण पॉल क्लिप्श यांनी 1946 च्या सुमारास खोलीच्या कोपऱ्यासाठीच बनवलेल्या क्लिप्शहॉर्नवर तो हॉल भरून टाकतो, कारण त्या हॉर्नची सेन्सिटिव्हिटी शंभराच्या वर आहे. बीबीसीने 1970 च्या दशकात घडवलेला इवलासा एलएस3/5ए तर बाह्यप्रक्षेपणाच्या व्हॅनमधल्या जागेसाठी होता. दोन्हींच्या रचनाकारांनी जागा आधी धरली होती.

माझी जोडी शेवटी नाशिकच्या एका परिचितांच्या बंगल्यात गेली. त्यांचा हॉल 24 बाय 16 आहे, अ‍ॅम्प जाडजूड आहे, आणि तिथे ती सुंदर वाजते. आमच्याकडे आता एका वूफरचा, 45 हर्ट्झच्या आसपास थांबणारा सडपातळ टॉवर आहे. शास्त्रीय गायन ऐकणाऱ्याला त्याहून खाली फारसं काही लागत नाही. 69 चा खर्ज त्यात पूर्ण येतो आणि खोली चेकाळत नाही. पाइप ऑर्गन किंवा सिनेमासाठी खालचे स्वर हवेच असतील तर वेगळा सबवूफर घ्यावा. तो हव्या त्या जागी सरकवता येतो, टॉवर सरकवता येत नाही.

घेणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. शोरूममध्ये आवडलेली जोडी तुमच्या हॉलमध्ये, तुमच्या अ‍ॅम्पवर, तुमच्या रोजच्या संगीतावर दोन-तीन दिवस ऐकल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. अनामत द्या, वाहतुकीचा खर्च द्या, आणि न जमल्यास परत घेण्याची अट बिलावर लिहून घ्या. दुकानदार याला तयार नसेल तर जोडी कितीही आवडलेली असो, तिथून घेऊ नका.