मुलाला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेताना

दहावी-बारावीतले मूल एकाएकी अबोल होते, झोप उडते, अन्नावरची वासना जाते. असे दोन आठवड्यांहून अधिक चालले, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. पुष्कळ पालक 'डोळे तपासायचे आहेत' असे सांगून मुलाला नेतात. दारावरची पाटी वाचून मूल बिथरते आणि डॉक्टरांपुढे तोंड उघडत नाही. म्हणून आदल्या दिवशीच खरे ते सांगावे, "तुला त्रास होतो आहे. हा वेडेपणा नव्हे. डॉक्टर तुझे ऐकून घेतील."

त्रास कधी सुरू झाला, झोप, भूक, चालू औषधे, घराण्यात कुणाला असा आजार होता काय, हे कागदावर लिहून न्यावे. पहिल्या भेटीत मुख्यतः विचारपूस होते; औषध द्यावेच लागते असे नाही. डॉक्टर मुलाशी एकट्याने बोलतील, तेव्हा पालकांनी बाहेर बसावे. घरी आल्यावर खोदून विचारू नये. गावात बोभाटा होईल ही भीती नको. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक केले आहे.

मूल 'जगावेसे वाटत नाही' म्हणाले, तर मात्र ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. रागावू नये, त्याला एकटे सोडू नये, कीटकनाशके व औषधे कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. 'टेलि-मानस'च्या १४४१६ या दूरध्वनीवर चोवीस तास विनामूल्य सल्ला मिळतो.