दहा पैशांचा हिशेब आणि संगणकाची दुसरी भाषा

दहा पैसे दहा वेळा मिळविले की एक रुपया होतो, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. मात्र पायथन किंवा जावा या भाषेत ०.१ ही संख्या नेहमीच्या रीतीने लिहून दहा वेळा मिळविली, तर उत्तर ०.९९९९९९९९९९९९९९९९ असे येते. आणि ‘हा रुपया आहे काय?’ असे विचारल्यास संगणक ‘नाही’ म्हणतो. संगणक द्विमान पद्धतीने मोजतो. एक तृतीयांश जसा दशमान पद्धतीत ०.३३३... असा न संपणारा ठरतो, तसाच द्विमान पद्धतीत एक दशांश. तो कोठे तरी तोडावाच लागतो.

एकच भाषा जाणणाऱ्या प्रोग्रामरच्या हे सहसा ध्यानात येत नाही, कारण ती निवड भाषेने मुकाट्याने केलेली असते. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतील भेद मराठी माणसाला जाणवतो, तोही हिंदीतील एकट्या ‘हम’शी गाठ पडल्यावरच!

व्यापारी कामासाठी कोबोल भाषेची आखणी १९५९ साली सुरू झाली. तीत रक्कम ठेवताना रुपयांस किती अंक व पैशांस किती, हे आरंभीच लिहून द्यावे लागते आणि अशा रकमांचे गणित दशमान पद्धतीने होते. शेवटचा अंक पूर्णांकित करावयाचा असल्यास तसे स्पष्ट सांगावे लागते. एरव्ही पुढचे अंक गळून पडतात. अचूक दशमान गणिताची सोय जावा व पायथनमध्येही आहे, पण ती मागून घ्यावी लागते. कोबोल शिकलेल्यास ती मागण्याचे आपोआप सुचते.

एसक्यूएलचा धडा वेगळा. तेथे काम कसे करावयाचे ते न सांगता काय हवे तेवढेच सांगावयाचे असते. ज्याला हे माहीत नाही तो एका बेरजेसाठी लाखो खाती एकेक करून प्रोग्राममध्ये ओढून आणतो.

अर्थात भाषांची नुसती यादी वाढविण्यात हशील नाही. जावानंतर सी-शार्प शिकणे उपयोगाचे खरे, परंतु ती चुलत भावंडे. विचाराची नवी रीत त्यातून फारशी लाभत नाही. पहिली भाषा पक्की होण्याआधी दुसरीकडे धावणेही बरे नव्हे. जुन्या भाषा कालबाह्य झाल्या, हा समज मात्र सोडावा. एप्रिल २०२० मध्ये बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला, तेव्हा अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांसाठी जाहीर आवाहन करावे लागले होते.

जिज्ञासूंनी एक प्रयोग करून पाहावा. भारतात १ एप्रिल २०१० पासून बचत खात्यावरील व्याज दैनंदिन शिलकीवर मोजले जाते. एका तिमाहीचे असे व्याज आधी आपल्या परिचित भाषेत साध्या अपूर्णांकांनी काढावे, मग विनामूल्य मिळणाऱ्या ग्नूकोबोलमध्ये. आणि दोन्ही उत्तरे शेवटच्या पैशापर्यंत जुळतात काय, ते ताडून पाहावे.