कोळी, पण कोणते?



या अंकाच्या अभ्यासपाठासाठी मी एकच शब्द घेतला आहे, आणि तो समजून घ्यायला कोश उघडावा लागत नाही. शब्द आहे 'कोळी'. वेळापुरात तो सतत कानावर पडतो. दिवाळीच्या साफसफाईत शेजारची मावशी म्हणते, माळ्यावर कोळ्यांनी घर केलंय. डाळिंबवाला म्हणतो, बागेत कोळी आलाय. माउलींची पालखी आषाढात आमच्या गावचा मुक्काम आटोपून पुढे गेली की मागोमाग पंढरपूरला जाऊन आलेले लोक चंद्रभागेत कोळ्याच्या होडीत बसल्याचे सांगतात. आणि मुलाच्या दाखल्यासाठी प्रांत कार्यालयाचे उंबरे झिजवणारा बाप माझ्यासमोर कागद ठेवून म्हणतो, "बाई, आम्ही कोळी. आता पुढं काय लिहू?"

शेवटच्या प्रश्नासाठीच हा पाठ लिहिते आहे. पण सुरुवात बागेपासून करू, कारण तिथे गोष्ट डोळ्यांनी दिसते.

जाळे विणणारा कोळी आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. आठ पायांचा, माश्या-किडे धरून खाणारा. शेतात तो फुकटचा राखणदार असतो. 'लाल कोळी' ही मात्र पिकावरची कीड. टाचणीच्या टोकाएवढी, पानाच्या खालच्या बाजूला राहणारी, रस शोषून पान पिवळे-तांबूस करणारी. तीही बारीक जाळी धरते आणि मोठी झाली की तिलाही आठच पाय असतात, म्हणजे नात्याने ती जाळेवाल्या कोळ्याची दूरची भावकीच. पण एक पीक राखतो आणि दुसरी पीक खाते. शिवाय लाल कोळी हा कीटक नसल्याने नेहमीची कीटकनाशके तिच्यावर नीट चालत नाहीत, तिला गंधकासारखे कोळीनाशकच लागते. उलट काही कीटकनाशकांनी तिला खाणारे मित्रकिडे मरतात आणि ती आणखी फोफावते. म्हणून जाणता दुकानदार 'कोळी' एवढे ऐकून बाटली काढून देत नाही. तो विचारतो, "दादा, पान आणलंय का?"

वनस्पतींकडे वळले तर कोळकांदा आहे, म्हणजे रानकांदा. त्याचे संस्कृत नाव कोलकंद, आणि त्यातला 'कोल' म्हणजे रानडुक्कर. मासे धरणाऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. ओढ्याकाठी, दलदलीत वाढणारा काटेरी कोळसुंदा, ज्याच्या बियांना तालीमखाना म्हणतात, त्याला कोळिस्ता असेही नाव आहे. संस्कृतात तो कोकिलाक्ष, कोकिळेच्या डोळ्यासारखा. म्हणजे कानाला एकच वाटणाऱ्या 'कोळ'मध्ये कुठे डुक्कर लपलेले आहे, कुठे कोकिळा. पाण्यावर मासे टिपणाऱ्या एका पक्ष्याला पाणकोळी म्हणतात. तिथे मात्र कोळ्याशी नाते खरे आहे. भाताच्या वाणांत कोलम आहे आणि यवतमाळकडे कोलाम नावाची आदिम जमात आहे. दोन्ही नावे शेजारी ठेवून कोणी नाते जुळवू नये.

उलट प्रकारही घडतो. झाडाचे नाव चालत माणसापर्यंत येते. खैराच्या लाकडापासून काथ काढणारे ते काथोडी किंवा कातकरी. आज काथ काढणारा कातकरी शोधून सापडायचा नाही, बहुतेक जण वीटभट्टीवर नाही तर दुसऱ्याच्या शेतावर राबतात. धंदा गेला, नाव राहिले.

आता माणसे.

कोळी म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मुंबईचा कोळीवाडा येतो, ते सोन कोळी. जाळे टाकणारा तो कोळी, म्हणून जाळे विणणाराही कोळी, असे आपण मुलांना सांगतो. मलाही ते स्पष्टीकरण आवडते, पण सह्याद्री चढला की ते दमते. अकोले, जुन्नर, आंबेगाव, इगतपुरी या डोंगराळ तालुक्यांतले महादेव कोळी भात-नाचणी पिकवतात, हिरडा गोळा करतात. त्यांच्या घरात समुद्राचे जाळे कुठून असणार? इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले राघोजी भांगरे महादेव कोळी होते. जव्हारचे मुकणे राजघराणे महादेव कोळ्यांचे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या बीजमाता राहीबाई पोपेरे, ज्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, त्याही महादेव कोळी. शिवाय मल्हार कोळी आहेत, टोकरे कोळी आहेत, ढोर कोळी आहेत. आणि आमच्याकडे भीमा-नीरेच्या काठाने होड्या चालवणारे, मासे धरणारे, पूर्वी गावाला पाणी भरणारे कोळी आहेत. कीर्तनातला वाल्या कोळी तर सगळ्यांनाच आपला वाटतो.

महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत हा शब्द कसा येतो ते बारकाईने पाहा. क्रमांक २८ वर कोळी ढोर, टोकरे कोळी, कोलचा, कोलघा. २९ वर कोळी महादेव, डोंगर कोळी. ३० वर कोळी मल्हार. नुसता 'कोळी' कुठेच नाही. सोन कोळीही नाही. नुसते कोळी आणि त्यांच्या तत्सम जाती राज्याच्या विशेष मागास प्रवर्गात मोडतात. म्हणजे 'कोळी'च्या आधी किंवा नंतर एक शब्द असला तर वसतिगृह, शिष्यवृत्ती, राखीव जागा. नसला तर वाट वेगळी. आपल्या साहाय्यातून शिकणाऱ्या मुलांच्या अर्जांवर मी हात ठेवते तेव्हा त्या एका शब्दाचे वजन मला कळते.

हा गुंता वाढला तो १९७६ नंतर. तोपर्यंत काही जमातींची मान्यता ठरावीक जिल्ह्यांपुरती, तालुक्यांपुरती होती. त्या वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने क्षेत्रबंधन उठले. डोंगर सोडून पोटासाठी दुसऱ्या जिल्ह्यात गेलेल्या आदिवासी कुटुंबावर त्याआधी अन्यायच होत होता, तो दूर झाला. पण त्याबरोबर सारखे नाव असलेल्या इतरांसाठीही दार उघडले. २ सप्टेंबर १९९४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलेला एक गाजलेला खटला नेमका हाच होता. शिक्षणातल्या राखीव जागेसाठी महादेव कोळी असल्याचा दावा होता आणि वडिलांच्या जुन्या शालेय नोंदीत 'हिंदू कोळी' होते. दावा टिकला नाही. त्याच निकालात न्यायालयाने तपासणी समित्या आणि दक्षता पथके यांची पद्धत घालून दिली. पुढे २००१ पासून अमलात आलेल्या राज्याच्या कायद्याने ती पक्की झाली. या कायद्यात पुरावा देण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे. आणि खोट्या किंवा न टिकणाऱ्या दाखल्यावर घेतलेला लाभ पुढे सोडावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये स्पष्ट केले.

सोलापूर जिल्ह्यात नदीकाठच्या अनेक कोळी कुटुंबांचे म्हणणे आहे की आम्ही महादेव कोळीच. डोंगरातल्या आदिवासींचे म्हणणे आहे की आमच्या ताटातले उचलले जात आहे. मी दोन्हीकडच्या घरांत बसून चहा घेतला आहे. नदीकाठचे दारिद्र्य खरे आहे. पूर आला की त्यांचीच झोपडी आधी जाते. पण गरिबी हा जमातीचा पुरावा होत नाही, आणि ज्या मुलीच्या गावाला अजून पावसाळ्यात एसटी पोहोचत नाही, तिची जागा सारख्या नावावर दुसऱ्याला गेली तर तिला ते कोण सांगणार? तितकेच हेही खरे की 'सोलापूरकडचा कोळी म्हणजे खोटाच' असे न बघता ठरवणे हाही अन्याय. कागद उघडून पाहावा लागतो. दुकानदार पान मागतो तसा.

हा प्रश्न कोळ्यांपुरता नाही. यादीत क्रमांक ४४ वर ठाकूर, ठाकर, क ठाकूर, म ठाकूर आहेत. हेच नाव उत्तरेतल्या जमीनदारांचे आणि कवी रवींद्रनाथांचेही. या ठाकुरांच्याच प्रकरणात मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की देव कोणता, लग्नाच्या चाली कोणत्या, या प्रश्नांच्या उत्तरांवरून घेतलेली आप्तभाव चाचणी ही शेवटची कसोटी मानता येत नाही. शहरात वाढलेल्या मुलाला आजीची गाणी येत नाहीत म्हणून त्याचे आदिवासीपण पुसले जात नाही, असा मी त्याचा अर्थ घेते. क्रमांक ३६ वर 'ओरांव, धनगड' आहे. धनगर बहुसंख्येने असलेल्या आमच्या माळशिरस तालुक्यात त्या 'ड' आणि 'र' वर बोलायला बसले तर हा अंक पुरणार नाही, म्हणून थांबते.

पण गोवारींचा उल्लेख टाळता येत नाही. यादीत 'गोंड गोवारी' असे आहे. त्या दोन शब्दांत स्वल्पविराम राहून गेला का, की ती वेगळीच जमात आहे, हा वाद. गोवारी समाज आपल्या मान्यतेसाठी २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधानभवनावर मोर्चा घेऊन गेला. चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसे मेली, त्यांत बाया आणि लेकरे होती. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोंड गोवारी ही गोवारींहून वेगळी जमात असल्याचा निर्णय दिला. एका विरामचिन्हाच्या जागेवर इतकी प्रेते पडलेली मला दुसरीकडे माहीत नाहीत.

नावासमोर ओळख जोडण्याची गरज आपल्या वाचकांना नवी नाही. नव्या करारात मरीया किती आहेत ते मोजा. म्हणून एकीला मग्दालीया म्हणतात, दुसरीला याकोबाची आई. शिमोन तर त्याहून जास्त: पेत्र, कनानी, कुरेनेकर, चांभार. प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायात कर्नेल्याला निरोप मिळतो तो बघा. शिमोनाला बोलाव, पण ज्याला पेत्र म्हणतात तो. आणि तो उतरला आहे शिमोन नावाच्याच चांभाराकडे, ज्याचे घर समुद्राकाठी आहे. एका घरात दोन शिमोन, तरी निरोप्या चुकला नाही. टोपणनाव, धंदा आणि पत्ता, तिन्ही सांगितले होते.

आता जूनमधल्या प्रवेशांचे. आपल्यापैकी जे वसतिगृहांत, बालवाड्यांत नोंदी करतात त्यांच्यासाठी हा भाग मुख्य आहे.

प्रवेश अर्जात 'धर्म' आणि 'जात/जमात' हे दोन वेगळे रकाने असतात. अनुसूचित जमातीच्या आदेशात धर्माची अट नाही, तेव्हा एका रकान्यातले उत्तर दुसऱ्यात उतरवू नये. मी पाहिलेल्या काही जुन्या वह्यांत जमातीच्या रकान्यात 'ख्रिस्ती' एवढेच आहे. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण त्या नोंदीचा नातवाला काही उपयोग होत नाही. तसेच नुसते कोळी, नुसते ठाकूर, नुसते पारधी असे लिहू नये. कुटुंबाच्या जुन्या कागदावर जे शब्द आहेत ते सगळे, त्याच क्रमाने लिहावेत. कागदावर नसलेला शब्द दयेपोटी पदरचा घालू नये. तो आज मुलाला प्रवेश देईल आणि नोकरीला लागल्यावर दहा वर्षांनी सगळे काढून घेईल.

आणि जुन्या वह्या जपा. अनुसूचित जमातींचा पहिला आदेश ६ सप्टेंबर १९५० चा. त्याआधीच्या शालेय नोंदीला तपासणीत मोठे मोल असते, कारण तेव्हा तो शब्द लिहून घेण्यात कोणाचा फायदा नव्हता. मिशनच्या जुन्या शाळा-बोर्डिंगांची जनरल रजिस्टरे अनेक ठिकाणी ट्रंकेत पडून आहेत. त्यांना वाळवी लागण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवावा, आणि मागणाऱ्याला उतारा देताना मूळ नोंदीत एक वेलांटीही बदलू नये.

वेळापूरच्या आसपासच्या ज्या कुटुंबांना अशी नोंद शोधायची आहे त्यांनी आजोबा-पणजोबांचे पूर्ण नाव, मूळ गाव, कुलदैवत आणि शाळेत घातल्याचे अंदाजे वर्ष एका कागदावर लिहून आणावे. आडनाव मधे कधी बदलले असेल तर जुने आडनावही लिहावे. 'कोळी' या आडनावाने शोधू गेल्यास एकाच वहीत पंधरा-वीस जण निघतात.