लाल वाइनची पारख : आधी नाव झाका, मग चाखा

बाटलीवरील नाव दिसले की जीभ पक्षपात करते. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये नावे झाकून चाचणी झाली. तीत ९ फ्रेंच परीक्षकांनी बोर्दोच्या नामांकित लाल वाइनपेक्षा कॅलिफोर्नियाच्या १९७३ सालच्या वाइनला जास्त गुण दिले. आपल्या द्राक्षाची वाइन इतर भागांच्या तुलनेत कशी उतरते, हे बागायतदारानेही असेच पाहावे.

१) नाशिक, सांगली व कर्नाटकातील नंदी टेकड्या येथील एकाच जातीच्या (उदा. शिराझ), एकाच वर्षाच्या वाइन घ्याव्यात.

२) बाटल्या कागदात गुंडाळून क्रमांक द्यावेत. क्रमांक देणाऱ्याने चाखू नये.

३) पेले सारखे व तापमान १६ ते १८ अंश सें. असावे.

४) रंग, वास, आंबटपणा व तुरटपणा यांची नोंद एकमेकांशी न बोलता करावी. घोट थुंकून पाण्याने चूळ भरावी.

५) शेवटी तीन पेले ठेवावेत, दोन एकाच वाइनचे, एक वेगळा. वेगळा ओळखावा. नुसत्या अंदाजानेही तीनांत एकदा उत्तर बरोबर येते, म्हणून चाचणी अनेकदा करावी.

आपल्या वाइनमध्ये कच्चा तुरटपणा वारंवार आढळल्यास पुढील हंगामात तोडणीपूर्वी साखरेबरोबर आम्लता आणि बियांचा रंगही तपासावा. बी हिरवी असल्यास तोडणीची घाई करू नये.